विश्लेषण : मांसाची प्रत कॅमेरा ठरवतो, पण कॅमेऱ्यावर नजर कोणाची?

आयर्लंडमधला पशुपालक दोन-अडीच वर्षे सांभाळलेले जनावर कारखान्याच्या गाडीत चढवतो, तेव्हा त्याच्या हातात दर नसतो. असतो तो दराचा तक्ता. त्या तक्त्यातल्या कोणत्या चौकटीत त्याचे जनावर बसणार, हे कत्तल झाल्यावर तासाभरात कळते. आणि गेली २० वर्षे हा निर्णय तिथल्या बहुतेक मोठ्या कारखान्यांत माणूस देत नाही, कॅमेरा देतो. यंत्राला मूड नसतो, ओळखपाळख नसते, थकवा नसतो. त्यामुळे वाद संपायला हवे होते. ते संपले नाहीत. त्याचे कारण यंत्राच्या भिंगात कमी आणि यंत्राच्या मालकीत जास्त आहे.

बीफची प्रतवारी म्हणजे काय?

जनावराची कत्तल झाली, कातडे आणि आतले अवयव काढले, की उरते ते हुकावर टांगलेले धड. मांसउद्योगात त्याला ‘कार्कस’ म्हणतात. ते मधोमध उभे कापले जाते आणि दोन अर्ध्या धडांचे वजन होते. पण शंभर किलोच्या दोन धडांतून सारखेच विकाऊ मांस निघत नाही. एकाच्या मांड्या भरलेल्या असतात, दुसऱ्याच्या सपाट. एकावर चरबीचा पातळ थर असतो, दुसऱ्यावर जाड थर, जो शेवटी कापून फेकावा लागतो. म्हणून वजनाच्या जोडीला प्रत लागते.

युरोपात यासाठी १९८१ पासून एक समान पट्टी आहे. धडाचा आकार म्हणजे मांसलपणा किती, यासाठी ई, यू, आर, ओ, पी ही पाच अक्षरे. ही अक्षरे सलग वाचली की ‘युरॉप’ होते आणि पद्धतीलाही तेच नाव पडले. (अतिशय भरदार जनावरांसाठी ‘एस’ हे वरचे अक्षरही आहे.) चरबीसाठी १ ते ५ आकडे. प्रत्येक अक्षराच्या आणि आकड्याच्या पुन्हा खालची, मधली आणि वरची अशा तीन पायऱ्या. म्हणजे आकाराच्या १५ आणि चरबीच्या १५ पायऱ्या झाल्या. धड कोणत्या पायरीवर, यावर किलोमागे दर ठरतो.

माणसाची नजर कमी का पडली?

ही प्रत पूर्वी प्रशिक्षित तपासनीस डोळ्यांनी ठरवत. साखळीवरून धडे पुढे सरकत असतात आणि प्रत्येकासाठी काही सेकंद मिळतात. सकाळचे पहिले धड आणि दुपारचे चारशेवे धड यांना एकाच नजरेने पाहणे कठीण असते. आधीची दहा धडे भरदार आली, की अकरावे मध्यम धड बारीक वाटू लागते. एका कारखान्यातला ‘आर’ दुसऱ्या कारखान्यात ‘ओ’ ठरला, तर शेतकऱ्याने दाद कुठे मागायची? तोवर धड कापून, हाडे काढून, खोक्यात भरून गेलेले असते. पुरावाच उरत नाही.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस आयर्लंडची कृषी संशोधन संस्था ‘टीगस्क’ने तीन देशांत तयार झालेल्या तीन यंत्रणा एकाच कारखान्यात शेजारी शेजारी लावून तपासल्या. एक ऑस्ट्रेलियाची, एक डेन्मार्कची, एक जर्मनीची. यंत्राने प्रतवारी करायला युरोपीय संघाने २००३ मध्ये नियमांत जागा केली आणि २००४ मध्ये आयर्लंडमधील कारखान्यांत जर्मन बनावटीची यंत्रे कामाला लागली. यंत्राच्या निकालावर शेतकऱ्याचे पैसे ठरवणारा युरोपीय संघातला तो पहिला देश.

कॅमेरा नेमके काय पाहतो?

तत्त्व साधे आहे. अर्धे धड एका चौकटीत क्षणभर स्थिर केले जाते. मागे एकरंगी पडदा असतो, म्हणजे कडा स्वच्छ दिसतात. एक छायाचित्र साध्या प्रकाशात घेतले जाते. त्यातून लांबी, रुंदी आणि क्षेत्रफळ मोजले जाते, शिवाय रंगावरून लाल मांस कुठे आणि पांढरी-पिवळी चरबी कुठे हे ओळखले जाते. दुसरे छायाचित्र घेताना धडावर प्रकाशाच्या समांतर रेघा पाडल्या जातात. सपाट भागावर रेघ सरळ राहते, फुगीर भागावर वाकते. साडीच्या काठाची रेघ अंगावर कशी वळते, यावरून जसा अंगाचा घेर समजावा, तसा रेघांच्या वळणावरून संगणकाला मांडीचा आणि कमरेचा गोलवा समजतो.

या मोजमापांवरून प्रत काढणारे सूत्र मात्र माणसांच्याच निकालांवर बेतलेले असते. तज्ज्ञांनी हजारो धडांना दिलेल्या प्रती आणि त्याच धडांची छायाचित्रे संगणकापुढे ठेवली जातात आणि दोन्हींचा मेळ घालणारे समीकरण तयार होते. म्हणजे यंत्र निसर्गातले एखादे सत्य मोजत नाही. ‘तज्ज्ञांनी हे धड पाहिले असते, तर काय म्हटले असते,’ याचा ते अंदाज करते. तराजू आणि कॅमेरा यांतला हा फरक लक्षात ठेवण्याजोगा आहे. किलो ही जगभर एकच गोष्ट आहे. ‘आर’ ही एकमताने ठरवलेली गोष्ट आहे.

आकार ओळखण्यात कॅमेरा चांगला आहे. चरबीत तो थोडा अडखळतो, कारण त्याला चरबी किती भागावर पसरली आहे ते दिसते, ती किती जाड आहे ते पृष्ठभागावरून नीट कळत नाही. कातडे ओढताना चरबीचा पापुद्रा फाटून निघाला, धड तिरके टांगले गेले, भिंगावर वाफ किंवा शिंतोडे बसले किंवा दिव्यांचा प्रकाश मंदावला, तरी निकाल हलतो. म्हणूनच जुन्या यंत्रांच्या जागी नवे डिजिटल कॅमेरे आणि एलईडी दिवे आणण्याचा विचार तिथे पुढे आला. चांगला प्रकाश आणि जास्त बारकावे टिपणारा कॅमेरा याने चुका कमी होतील, यात शंका नाही. प्रश्न त्यापुढचा आहे.

यंत्राला परवाना कसा मिळतो?

युरोपीय नियम याबाबत बरेच कडक आहेत. किमान ६०० धडांवर यंत्राची परीक्षा होते. समोर किमान पाच परवानाधारक तज्ज्ञांचे मंडळ असते. त्या सर्वांच्या उत्तरांतले मधले उत्तर बरोबर मानले जाते आणि यंत्राला गुण दिले जातात. आकाराची पायरी तंतोतंत जुळली तर १० गुण, एका पायरीने चुकली तर ६, दोन पायऱ्यांनी चुकली तर उणे ९, तीन पायऱ्यांनी चुकली तर उणे २७. उत्तीर्ण होण्यासाठी एकूण गुणांच्या ६० टक्के हवेत. शिवाय यंत्र एकाच बाजूला झुकते का, हेही पाहिले जाते. आकाराच्या बाबतीत हा सरासरी कल पायरीच्या तीन दशांशापेक्षा जास्त असता कामा नये. यंत्राला जे धड ओळखता येत नाही, ते त्याच दिवशी माणसाने तपासायचे, असाही दंडक आहे.

परवान्यानंतर पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांत किमान सहा आणि पुढे किमान दोन तपासण्या होतात. प्रत्येक वेळी निवड न करता उचललेली किमान ४० धडे तपासली जातात आणि तपासणारी यंत्रणा कारखान्यापासून स्वतंत्र असावी लागते. आयर्लंडमध्ये हे काम कृषी खात्याचे अधिकारी न कळवता येऊन करतात. कागदावर पाहिले तर शेतमालाच्या फार थोड्या व्यवहारांत मोजमापावर इतकी देखरेख असेल.

मग गोम कुठे आहे?

ती त्याच गुणपत्रिकेत आहे. एक यंत्र असे समजा, की ते प्रत्येक धडाला बरोबर एक पायरी चुकते. निम्म्यांना एक पायरी वर आणि निम्म्यांना एक पायरी खाली. प्रत्येक धडामागे त्याला १० पैकी ६ गुण मिळतील. एकूण ६० टक्के. वर-खाली चुका एकमेकींना खाऊन टाकतील, म्हणून सरासरी कल शून्य. म्हणजे एकही धड अचूक न ओळखणारे यंत्र या निकषांवर काठावर उत्तीर्ण होऊ शकते. प्रत्यक्षातली यंत्रे याहून कितीतरी सरस आहेत. पण या उदाहरणातून एक गोष्ट उघड होते : परीक्षा सरासरीची आहे आणि पैसे मात्र एकेका धडाचे मिळतात.

कारखान्याला सरासरी पुरते. आठवड्याला हजार जनावरे घेणाऱ्याच्या हिशेबात वरच्या आणि खालच्या चुका फिटून जातात. वर्षाकाठी १०-१५ जनावरे विकणाऱ्या शेतकऱ्याच्या हिशेबात त्या फिटत नाहीत. त्याच्या वाट्याला खालच्या चुका आल्या, तर त्या वर्षी तेवढे नुकसान. पुढच्या वर्षी नशीब उघडेल, असे त्याला सांगणे म्हणजे त्याच्या मालाचे मोल सोडतीवर टाकणे.

एका पायरीची किंमत किती?

आयर्लंडमध्ये २००९ च्या अखेरीस प्रतीनुसार दर देणारा तक्ता लागू झाला. त्या मूळ तक्त्यात आकाराची एक पायरी वर-खाली झाली, की किलोमागे सर्वसाधारणपणे सहा सेंटचा फरक पडतो. धड ३५० किलोचे धरले तर एका पायरीचे २१ युरो, म्हणजे दोन हजार रुपयांच्या आसपास. दोन पायऱ्या घसरल्या तर ४२ युरो. आधीच नफ्याची कड पातळ असलेल्या व्यवसायात ही रक्कम छोटी नाही.

आता नियमात बसणाऱ्या कलाचा हिशेब पाहा. यंत्र सातत्याने पायरीच्या तीन दशांशाने खाली झुकलेले असेल, तर किलोमागे १.८ सेंट, ३५० किलोच्या धडामागे ६ युरो ३० सेंट. शेतकऱ्याला ते कळणारही नाही. पण आठवड्याला हजार धडे घेणाऱ्या कारखान्यात ते ६,३०० युरो होतात. असे कुठे घडते आहे, हा आरोप नाही. मुद्दा इतकाच, की मोजमापातली जी फट एका बाजूला नगण्य वाटते, ती दुसऱ्या बाजूला मोठी रक्कम होऊ शकते आणि यंत्र खरेदीदाराच्याच मालकीचे असते. ते बसवतो कारखाना, चालवतो कारखाना, पुसतो कारखाना आणि त्या यंत्राच्या निकालावर पैसे देतोही कारखानाच.

२०१९ च्या उन्हाळ्यात आयर्लंडमधील पशुपालकांनी मांसप्रक्रिया कारखान्यांच्या फाटकांवर ठिय्या दिला. मूळ राग कोसळलेल्या दरांचा होता. पण दराचा राग आणि मापाचा संशय हे जुळे असतात. दर बरा असला की माप कोणी पाहत नाही आणि दर पडला की प्रत्येक दशांश डोळ्यांत खुपतो. सप्टेंबरमध्ये शेतकरी संघटना, कारखानदार आणि सरकार यांच्यात करार झाला आणि बीफ बाजाराचे प्रश्न सोडवण्यासाठी कृती गट नेमावा लागला. प्रतवारी यंत्राने होऊ लागल्याला तेव्हा १५ वर्षे झाली होती.

कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर काय राहते?

कॅमेरा समोर आलेले धड पाहतो. समोर येण्याआधी त्याचे काय झाले, ते त्याला दिसत नाही. कातडे काढल्यावर धडाची ‘सफाई’ होते. ती किती करायची, कोणती चरबी काढायची आणि कोणती ठेवायची, हे नियमांनी ठरलेले असते, कारण वजन सफाईनंतर होते. सुरी नियमापेक्षा थोडी खोल गेली, तर वजन घटते आणि चरबीची प्रतही बदलते. शेतकऱ्याचे नुकसान होते आणि कॅमेरा निष्पाप राहतो. म्हणून चांगला तपास हा केवळ भिंगाचा नसतो, तो हुकापासून काट्यापर्यंतच्या साऱ्या साखळीचा असावा लागतो. नवा कॅमेरा बसवून जुन्या सुरीकडे दुर्लक्ष केले, तर आधुनिकीकरणाचा फलक तेवढा नवा लागतो.

अमेरिकेत हाच कॅमेरा वेगळे काम कसे करतो?

अमेरिकी कृषी खाते १९२७ पासून बीफची प्रतवारी करते. आरोग्य तपासणी सक्तीची आहे. प्रतवारी ऐच्छिक आहे आणि तिचे शुल्क कारखाना भरतो. तिथे बाहेरच्या आकारापेक्षा आतल्या मांसाला महत्त्व आहे. धड थंड केल्यावर बाराव्या आणि तेराव्या बरगडीमध्ये छेद देतात आणि उघड्या पडलेल्या स्नायूत चरबीचे पांढरे धागे किती पसरले आहेत, ते पाहतात. संगमरवरासारख्या दिसणाऱ्या या नक्षीला ‘मार्बलिंग’ म्हणतात. त्यावर आणि जनावराच्या वयावर ‘प्राइम’, ‘चॉइस’, ‘सिलेक्ट’ या प्रती ठरतात. मोठ्या कारखान्यांत या छेदाचे छायाचित्र घेऊन मार्बलिंग मोजणाऱ्या कॅमेऱ्यांना या शतकाच्या पहिल्या दशकात मान्यता मिळाली. पण शिक्का सरकारी प्रतवारी अधिकाऱ्याचाच. कॅमेरा सांगतो, अधिकारी मान्य करतो किंवा बदलतो.

जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकी कृषी खात्याने त्यापुढचे पाऊल टाकले. छोट्या कारखान्यांना प्रतवारी परवडत नव्हती, कारण आठवड्याला मोजकी जनावरे कापणाऱ्या आडगावच्या कारखान्यात अधिकारी बोलवायचा, तर त्याच्या प्रवासाचा आणि वेळेचा खर्चच अंगावर येई. प्रत नाही म्हणून चांगल्या मांसालाही चांगला दर नाही. ‘प्राइम’ शिक्का असलेले धड आणि बिनशिक्क्याचे धड यांत शेकडो डॉलरचा फरक पडू शकतो. त्यावर उपाय म्हणून दूरस्थ प्रतवारीचा प्रायोगिक प्रकल्प सुरू झाला. कारखान्यातला प्रशिक्षित कर्मचारी ठरलेल्या पद्धतीने डिजिटल छायाचित्रे घेऊन पाठवतो आणि दूर बसलेला सरकारी अधिकारी ती पाहून प्रत देतो.

कॅमेरा दोन्हीकडे आहे, पण त्याची भूमिका निराळी आहे. आयर्लंडमध्ये त्याने माणसाच्या नजरेची जागा घेतली. अमेरिकेच्या या प्रकल्पात त्याने माणसाची नजर शेकडो किलोमीटर लांब पोहोचवली. पहिल्या पद्धतीचा फायदा वेग आणि एकसारखेपणा यांत आहे आणि तो मोठ्या कारखान्याला होतो. दुसऱ्या पद्धतीचा फायदा छोट्याला होतो, कारण जी सेवा त्याच्या दारापर्यंत येत नव्हती, ती आता येते. शिवाय निर्णय देणारा खरेदीदाराच्या पगारावर नसतो. तंत्रज्ञान कोणाच्या अडचणीपासून सुरू होते, त्यावर ते कोणाच्या कामाला येणार हे ठरते, याचे हे बोलके उदाहरण.

अचूक मोजले, पण योग्य तेच मोजले का?

युरॉप पट्टी धडाचा आकार आणि चरबी मोजते. मांस मऊ आहे की चिवट, चवदार आहे की नाही, याबद्दल ती काही बोलत नाही. भरदार मांड्यांचे ‘ई’ प्रतीचे जनावर ताटात चिवट लागू शकते आणि दुधाळ जातीचे ‘ओ’ प्रतीचे जनावर मऊसूत असू शकते. ऑस्ट्रेलियाने ही त्रुटी ओळखून नव्वदच्या दशकाच्या अखेरीस ‘मीट स्टँडर्ड्स ऑस्ट्रेलिया’ ही पद्धत सुरू केली. सामान्य ग्राहकांना शिजवलेले मांस खाऊ घालून त्यांचे मत नोंदवायचे आणि जनावराची जात, हाडांची परिपक्वता, मार्बलिंग, मांसाची आम्लता यांच्याशी त्याचा मेळ घालायचा. त्यातून संपूर्ण धडाऐवजी प्रत्येक तुकडा कसा शिजवला तर कसा लागेल, हे सांगता येते.

कॅमेरा दिलेल्या पट्टीवर अधिक बारीक खुणा पाडतो. पट्टीच चुकीची असेल, तर चूकही तितकीच बारीक मोजली जाते. इतकेच नव्हे, तर यंत्रात भांडवल गुंतले, दरतक्ते त्यावर बसले, संगणकप्रणाली त्याभोवती उभ्या राहिल्या, की पट्टी बदलणे आणखी अवघड होते. म्हणून कॅमेऱ्याचे स्वागत करताना, पट्टी दर काही वर्षांनी पुन्हा तपासण्याची तरतूदही त्याच वेळी करायला हवी.

महाराष्ट्राचा याच्याशी काय संबंध?

महाराष्ट्रात २०१५ पासून गाय, बैल आणि वळू यांच्या कत्तलीवर बंदी आहे. त्यामुळे बीफच्या प्रतवारीचा प्रश्न येथे तसाच्या तसा उद्भवत नाही. जनावरांच्या बाजारात आजही अंदाजाने, नजरेने आणि जुन्या पद्धतीत रुमालाखाली बोटे दाबून सौदे होतात. पण ‘माल माझा आणि माप घेणाऱ्याचे’ हे दुखणे येथल्या शेतकऱ्याला नवे नाही.

ऊस तोडून कारखान्यावर नेला की काटा कारखान्याचा. ‘काटामारी’ हा शब्द त्यातूनच जन्मला आणि बाहेरच्या काट्यावर वजन करून आणू द्या, ही मागणीही त्यातूनच आली. दुधाचा दर फॅट आणि एसएनएफवर ठरतो. गाईच्या दुधासाठी ३.५ आणि ८.५ हे आकडे गोठ्यातल्या लहान मुलालाही पाठ असतात, पण ते मोजणारे यंत्र संकलन केंद्राचे. सोयाबीनची हमीभावाने खरेदी करताना ओलाव्याची मर्यादा १२ टक्के. २०२४ च्या हंगामात ओलाव्याच्या कारणावरून माल नाकारला जाऊ लागल्यावर ती १५ टक्क्यांपर्यंत शिथिल करावी लागली. येत्या काळात कांदा, डाळिंब, द्राक्ष, कापूस यांची प्रतही कॅमेरे आणि कृत्रिम बुद्धिमत्ता ठरवू लागतील. तेव्हा ‘यंत्र सांगते आहे, आम्ही काय करणार’ हे वाक्य बाजार समितीच्या ओट्यावरही ऐकू येईल. आयर्लंडचा अनुभव तेवढ्यासाठी तरी वाचून ठेवावा असा आहे.

यंत्र नकोच, असे म्हणायचे का?

मुळीच नाही. माणसाची नजर परत आणा म्हणणे, म्हणजे जुना मनमानीपणा परत आणणे. थकलेला तपासनीस, दबावाखालचा तपासनीस, ओळखीचा तपासनीस हे सारे अनुभव शेतकऱ्याने घेतले आहेत. कॅमेऱ्याने एक मोठी गोष्ट दिली आहे, जी माणूस कधीच देऊ शकला नव्हता. ती म्हणजे पुरावा. तपासनिसाने पाहिलेले धड त्याच्या आठवणीतही उरत नसे. कॅमेऱ्याने पाहिलेल्या धडाचे चित्र राहते. ते वर्षभराने पुन्हा पाहता येते, दुसऱ्या तज्ज्ञाला दाखवता येते, दुसऱ्या यंत्रातून तपासता येते.

म्हणूनच ते चित्र कोणाच्या हाती, हा या साऱ्या चर्चेचा गाभा आहे. शेतकऱ्याच्या पावतीवर एक अक्षर आणि एक आकडा येऊन भागत नाही. ज्या छायाचित्रावरून ते ठरले, ते छायाचित्र पावतीसोबत त्याच्या मोबाइलवर यायला हवे. कारखानदार म्हणतील, की मग प्रत्येक जण प्रत्येक धडावर भांडेल. सुरुवातीला काही जण भांडतीलही. पण चित्रे साठत गेली, की शेतकऱ्याला ‘आर’ कसा दिसतो आणि ‘ओ’ कसा, हे कळू लागेल. पुढच्या वर्षी कोणत्या वळूची पैदास घ्यायची, जनावर किती महिन्यांनी पाठवायचे, खुराक कधी कमी करायचा, हे तो त्यावरून ठरवील. प्रतवारीचा मूळ हेतूही बाजाराची मागणी गोठ्यापर्यंत पोहोचवणे हाच होता. केवळ पैसे कापण्यासाठी वापरलेली प्रतवारी हा हेतू विसरते.

पुढे काय करायला हवे?

पहिली गोष्ट, दाद मागण्याची मुदत धड कापले जाण्याआधीची असावी आणि दाद ऐकणारा कारखान्याचा नोकर नसावा. दुसरी, सरकारी तपासण्यांचे निकाल कारखान्यांच्या नावानिशी जाहीर व्हावेत. कोणाचे यंत्र किती वेळा आणि कोणत्या बाजूला चुकले, हे कळले तर शेतकरी आपले जनावर कुठे पाठवायचे ते ठरवू शकेल आणि चांगल्या कारखान्यालाही त्याचे श्रेय मिळेल. तिसरी, संगणकप्रणालीत बदल झाला तर यंत्र नवे मानून त्याची परीक्षा पुन्हा व्हावी. सूत्रावर चालणाऱ्या जुन्या यंत्रांत निदान कोणते माप कशाला जोडले आहे ते दिसत होते. स्वतःहून शिकणाऱ्या नव्या प्रणालींत ते बनवणाऱ्यालाही नीट सांगता येत नाही, त्यामुळे ही अट आता जास्त महत्त्वाची आहे. चौथी, परीक्षेत सरासरीबरोबर एकेका धडातल्या चुकीलाही मर्यादा हवी. आणि पाचवी, यंत्राची मालकी किंवा निदान त्याची किल्ली खरेदीदाराच्या एकट्याच्या खिशात असू नये. वजनकाट्यावर सरकारी मोहोर का लागते, याचे उत्तर शतकानुशतके ठाऊक आहे. कॅमेरा हाही काटाच आहे.

या सगळ्याला खर्च येतो, हे खरे. पण छायाचित्र साठवणे आणि पाठवणे आता जवळपास फुकट झाले आहे. खर्च आहे तो स्वतंत्र माणूस ठेवण्याचा. तो वाचवण्यासाठीच तर यंत्र आणले, असे कोणी म्हणेल. तेव्हा सांगायला हवे, की यंत्राने प्रत ठरवणारा माणूस वाचवला आहे, प्रतीची तपासणी करणारा माणूस मात्र आता जास्त लागतो. एक तपासनीस चुकला, तर एका दिवसाची धडे चुकत. यंत्राची मांडणी चुकली, तर पुढच्या तपासणीपर्यंतची सारी चुकतात.

कॅमेरा खोटे बोलत नाही, असे म्हणतात. बोलत नसेलही. पण तो कोणासमोर बोलतो, हे महत्त्वाचे आहे. जोवर त्याची साक्ष फक्त घेणाऱ्याच्या दालनात होते, तोवर विकणाऱ्याचा संशय फिटणार नाही. जनावर वाढवणाऱ्याला त्याच्या जनावराचे शेवटचे छायाचित्र देणे, ही फार मोठी मागणी नाही. व्यवहार चोख असेल, तर ते देण्यात कारखान्याचेही काही जात नाही.